टेकऑफला ऑटोपायलट का नाही आणि लँडिंगला तो कधी सोडायचा: सिमवाल्या पोरांसाठी

आमच्या जिभाऊंना मागच्या उन्हाळ्यात जळगावहून पहिल्यांदा विमानात बसवलं. एटीआर होतं, पंख्यावालं. जिभाऊ खिडकीला, मी बाजूला, आणि विमान अजून धावपट्टीकडं वळतंय तोवर त्यांनी विचारलं, "हाई आपेआप उडस ना रे भो? मंग त्या दोन्ही पुढे बसीसन काय करतस?" आजूबाजूचे दोघं-तिघं हसले पण खरं सांगू, हाच प्रश्न मला सिम, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ, खेळणारी पोरं आठवड्यातून एकदा तरी विचारतात, फक्त शुद्ध भाषेत. भाऊ, ऑटोपायलट कधी लावायचा, कधी काढायचा, आणि सगळं तोच करतो तर मग शिकायचं काय.

आधीच सांगून टाकतो, मी पायलट नाही. सहा-सात वर्षं पीसीवर सिम चालवतोय आणि मॅन्युअल वाचायचा नाद आहे, बस. शिरपूरला नाहीतर धुळ्याला ट्रेनिंग घेणारं कुणी वाचत असेल तर त्यानं आपल्या इन्स्ट्रक्टरचं आणि पुढं आपल्या कंपनीच्या पुस्तकाचं ऐकायचं, माझं नाही.

तर टेकऑफ. आज प्रवासी घेऊन जाणारं विमान टेकऑफ हातानंच करतं. एअरबसचं ए३२० असो, बोईंगचं ७३७ असो, जिभाऊंचं एटीआर असो. थ्रॉटलचं, म्हणजे इंजिनाच्या पॉवरचं, काम थोडंफार मशीन करतं. ७३७ मध्ये टोगा, म्हणजे टेकऑफ किंवा परत वर जायच्या पॉवरचं, बटण दाबलं की ऑटोथ्रॉटल लिव्हर पुढं नेतो आणि मग ८४ नॉट वेगाच्या आसपास स्क्रीनवर थ्रॉटल होल्ड येतं, म्हणजे लिव्हरची मोटर सुटते, का तर ऐन धावताना सिस्टिम बिघडून तिनं पॉवर मागं ओढू नये. एअरबसला तर लिव्हर आपणच फ्लेक्स (कमी केलेली टेकऑफ पॉवर) किंवा टोगाच्या खाचेत ठेवायचे. पण नाक उचलायचं, धावपट्टीच्या मधोमध ठेवायचं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे थांबायचं की जायचं हे ठरवायचं, ते माणसाचं. व्ही-वन या स्पीडपर्यंत कॅप्टनचा हात लिव्हरवर असतो, व्ही-वन झालं की हात काढून घेतात, म्हणजे आता काही झालं तरी जायचंच. टायर फुटला, इंजिनात पक्षी गेला, धावपट्टीवर कुत्रं आलं, यातलं कशासाठी ब्रेक मारायचा आणि कशासाठी नाही हे ओळखायला मशीनला डोळे नाहीत. ऑटोब्रेकला आरटीओ (टेकऑफ अर्धवट सोडायचं) सेटिंग असतं, तो जोरात ब्रेक मारतो खरा, पण पायलटनं लिव्हर मागं ओढल्यावर.

गंमत बघा, मशीनकडून उतरण्याचं काम १९६५ सालापासून चालू आहे. १० जून १९६५ ला ब्रिटिश युरोपियन एअरवेजचं ट्रायडंट विमान पॅरिसहून प्रवासी घेऊन आलं आणि लंडनच्या हीथ्रोला आपोआप टेकलं. कॅमेऱ्यानं धावपट्टी बघून आपोआप टेकऑफ करायचा प्रयोग एअरबसनं केला तो डिसेंबर २०१९ मध्ये, टुलूजला, ए३५०-१००० वर, एका दिवसात आठ टेकऑफ. तो अजून प्रयोगच आहे, तुमच्या तिकिटावर नाही. लोकांना उलटं वाटतं, उतरणं अवघड म्हणजे ते माणूस करत असेल आणि उडणं सोपं म्हणजे ते मशीन करत असेल.

याचा परिणाम दरवर्षी दिल्लीला दिसतो. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात तिथं कॅट थ्री-बी ची, म्हणजे फार कमी दिसत असताना उतरायच्या दर्जाची, सोय आहे, आरव्हीआर म्हणजे धावपट्टीवरची दृश्यता ५० मीटर असली तरी तयारीचं विमान आणि ट्रेनिंग झालेला क्रू उतरू शकतो. पण टेकऑफला साधारण १२५ मीटर लागतात. म्हणजे एखाद्या पहाटे विमानं उतरतायत आणि जाणारी मात्र रांगेत उभी, प्रवासी चिडलेले, की ते उतरलं मग आम्हाला काय होतं. उतरणारा रेडिओच्या बीमवर येतोय भाऊ, उडणारा डोळ्यानं मधली रेघ बघून धावतोय.

आता आकडे. ए३२० ला टेकऑफनंतर ऑटोपायलट १०० फुटांच्या वर आणि जमीन सोडून निदान ५ सेकंद झाल्यावरच लावायचा. ७३७ ला ४०० फूट. ७७७ ला २०० फूट. प्रत्येक विमानाचं वेगळं, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका. हे कमीत कमी आहेत, तिथंच लावा असा आग्रह नाही. खरे पायलट बऱ्याचदा हजारभर फुटांवर लावतात, काही जण छान हवा असली तर दहा हजारापर्यंत हातानं नेतात.

इथं पोरं एक चूक हमखास करतात. हे सगळे फूट जमिनीपासूनचे आहेत, अल्टिमीटरवरचे नाहीत. जळगावचं विमानतळ समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या वर आहे, म्हणजे क्यूएनएच (समुद्रसपाटीपासून उंची दाखवणारं हवेच्या दाबाचं सेटिंग) बरोबर लावला असेल तर उभ्या विमानात अल्टिमीटर आठशे फुटांच्या आसपास दाखवतो. एकानं मला सांगितलं भाऊ मी ४०० फूट बघत होतो, दिसलेच नाहीत, कारण तो सुरुवातच आठशेला करत होता! रेडिओ अल्टिमीटर बघायचा, तो सरळ खाली जमिनीवर लहरी मारून मोजतो, अडीच हजार फुटांच्या खाली आलं की स्क्रीनवर आकडा येतो.

लावायचा कसा ते सांगतो, कारण नुसतं बटण दाबणं म्हणजे लावणं नाही. जमीन सोडली, अल्टिमीटर वर चाललाय याची खात्री झाली, चाकं वर घेतली. मग फ्लाइट डायरेक्टरच्या, म्हणजे नाक कुठं न्यायचं ते स्क्रीनवर दाखवणाऱ्या, दांड्या बघायच्या आणि हातानं उडवून त्या मधोमध आणायच्या, बोईंगमध्ये ट्रिम पण नीट करायचा, स्टिकवर जोर राहता कामा नये. विमान शांत झालं की मग बटण. दांड्या एका कोपऱ्यात असताना बटण दाबलं तर ऑटोपायलट त्यांच्यामागं धावतो आणि विमान हिसका खातं, मागं बसलेल्याच्या हातातला चहा सांडतो. बटण दाबलं की लगेच वरच्या एफएमए पट्टीवर, जिथं मशीन आत्ता काय करतंय ते लिहून येतं, बघायचं. ए३२० ला तिथं एसआरएस (स्पीड धरून चढणं) आणि नॅव्ह (भरलेल्या रूटनं जाणं) दिसलं पाहिजे आणि उजवीकडं एपी-वन. हे वाचल्याशिवाय हात सोडायचा नाही.

मी सोडला होता. मुंबईच्या २७ नंबरच्या धावपट्टीवरून निघालो, समुद्राकडं, मस्त संध्याकाळ लावली होती. आदल्या दिवशीच्या फ्लाइटची हेडिंग (दिशा) ऑटोपायलटच्या खिडकीत तशीच राहिलेली, रूट पण अर्धवट भरलेला. ४०० फुटांवर बटण दाबलं, मोबाईलवर मेसेज बघायला लागलो, वर बघतो तर विमान वळून चेंबूरवर. ऑटोपायलटनं चूक केली नव्हती, त्याला जे सांगून ठेवलं होतं ते त्यानं केलं. आमच्याकडं बाजारहून परत येताना गाडीवान झोपला तरी बैल बरोबर घरी आणतात, पण घर बदललं असेल तर ते जुन्याच घरी नेतात ना भो.

आता अप्रोच, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडं येणं, इथं जरा बसून वाचा.

आयएलएस म्हणजे जमिनीवरून येणारे दोन बीम. लोकलायझर डावं-उजवं सांगतो, ग्लाइडस्लोप वर-खाली. उतार साधारण ३ अंशाचा. ध्यानात ठेवायला सोपं, धावपट्टी अजून जितके नॉटिकल मैल दूर आहे तितके गुणिले ३०० फूट. १० मैलांवर असाल तर जमिनीपासून ३००० च्या आसपास पाहिजे. जास्त असाल तर तुम्ही ग्लाइडस्लोपच्या वर आहात आणि वरून पकडायला जाऊ नका. खालून, सपाट उडत, तो आपल्याकडं येऊ द्यायचा. वरती खोटे ग्लाइडस्लोप पण असतात, ९ अंशाच्या आसपास एक असतो, तो पकडला तर विमान दगडासारखं खाली निघतं. आधी लोकलायझरची रेघ पकडली का बघायची, ३० अंशाच्या आत वळत यायचं, मग अप्रोच बटण. पोरं वीस मैलांवरून विमानतळाकडं तोंड नसताना अप्रोच दाबून ठेवतात आणि मग म्हणतात सिममध्ये बग आहे.

आता ऑटोपायलट सोडायचा कुठं? ए३२० ला साधा कॅट वन आयएलएस असेल, म्हणजे एफएमएवर कॅट-१ लिहून आलं असेल, तर १६० फुटांच्या खाली ऑटोपायलट चालू ठेवायचा नाही. टेकऑफ आणि अप्रोच सोडून बाकी उड्डाणात ५०० फूट. आणि कॅट २ किंवा कॅट ३ लिहून आलं असेल, ऑटोलँड करायचं ठरवलं असेल, तर थेट धावपट्टीपर्यंत.

१६० च का, असं विचारा. १४० नॉटनं ३ अंशाच्या उतारावर येताना विमान सेकंदाला साधारण १२ फूट खाली येतं. म्हणजे १६० फूट म्हणजे तेरा सेकंद. एकट्या ऑटोपायलटनं इथं झटका दिला, नाक खाली टाकलं, तर माणसाला दचकायला, समजायला, स्टिक ओढायला आणि विमानाला परत वर यायला तेरा सेकंदांतले चार-पाच सहज जातात. त्या वेळात विमान किती खाली जाईल ते मोजून हा आकडा काढलेला असतो. टेकऑफच्या आकड्यामागं पण तोच हिशेब. म्हणून मी पोरांना म्हणतो फूट पाठ करू नका, सेकंद मोजा, मग आकडा आपोआप पटतो.

मग ऑटोलँडला शून्य फूट कसं चालतं? कारण तिथं सहसा एकटा ऑटोपायलट नसतो. ए३२० ला अप्रोच दाबल्यावर दुसरा ऑटोपायलट पण लावायचा असतो, एपी-१+२ दिसलं पाहिजे. एक गडबडला तर दुसरा असतो. सिममध्ये हे विसरलं की विमान कॅट-३ सिंगलवरच राहतं, कॅट-३ ड्युअल येत नाही. ४०० फुटांच्या खाली लँड असं येतं, मग शेवटी फ्लेअर (टेकायच्या आधी नाक थोडं उचलणं), मग जमिनीवर रोलआऊट, म्हणजे टेकल्यावर पण लोकलायझर धरून मधली रेघ तोच ठेवतो. ३५० फुटांपर्यंत लँड आलं नाही तर ऑटोलँड नाही, हातानं उतरा किंवा वर जा. फ्लॅप, चाकं, ऑटोब्रेक हे मात्र आपणच. आणि टेकायच्या आधी १० फुटांवर रिटार्ड असा आवाज येतो, तेव्हा लिव्हर मागं ओढायचे ते पण आपणच, हातानं उतरत असाल तर तोच आवाज २० फुटांवर येतो.

कॅटचे आकडे पण सांगून टाकतो. कॅट वनला निर्णयाची उंची २०० फूट आणि आरव्हीआर ५५० मीटर, कॅट टूला १०० फूट आणि ३०० मीटर, त्याच्या खाली कॅट थ्री. त्या उंचीला धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर पुढं, नाहीतर वर. जरा वेळ बघू दिसतात का, असं नसतं.

आणि ही गोष्ट कुणालाच पटत नाही. वारा जास्त असेल तर मशीन माणसापेक्षा लवकर हात टेकतं. ए३२० ला ऑटोलँडसाठी आडवा वारा २० नॉटपर्यंत, समोरचा ३०, मागचा १०. त्याच विमानाची हातानं उतरायची आडव्या वाऱ्याची दाखवलेली क्षमता ३३ नॉट, झोत धरून ३८. म्हणजे वादळी वाऱ्यात विमान हलतंय आणि शेजारचा म्हणतो काळजी नको कॉम्प्युटर उतरवतोय, तर बहुतेक उलटं चाललेलं असतं. मशीन धुक्यासाठी आहे आणि धुक्यात सहसा वारा नसतो, ही निसर्गाची कृपा.

धावपट्टीनं पण साथ द्यावी लागते. लोकलायझरचा अँटेना धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला असतो, मध्ये कुणी मोठं पत्र्याचं विमान आलं की बीम वाकतो. दृश्यता कमी असते तेव्हा टॉवर विमानांना धावपट्टीपासून लांब थांबवतो, दोन विमानांत जास्त अंतर ठेवतो. म्हणून दिल्लीला धुक्यात एवढा उशीर होतो. हवा बरी असली की हे संरक्षण नसतं. ३ नोव्हेंबर २०११ ला म्युनिकला सिंगापूर एअरलाइन्सचं ७७७ मँचेस्टरहून आलं, कॅट वनची हवा होती, कमी दृश्यतेचे नियम लागू नव्हते, तरी क्रूनं ऑटोलँड करायचं ठरवलं. पुढं एक छोटं जेट टेकऑफ करून अँटेनावरून गेलं, बीम हलला, ७७७ त्याच्यामागं गेलं आणि धावपट्टी सोडून गवतात. सुदैवानं सगळे वाचले. सिममध्ये बीम कधीच वाकत नाही, त्यामुळे तिथं कुठल्याही गावाला ऑटोलँड जमतो आणि आपल्याला वाटतं यात काय एवढं.

दुसरा घात रेडिओ अल्टिमीटरचा. २५ फेब्रुवारी २००९, अॅमस्टरडॅम, टर्किश एअरलाइन्सचं ७३७-८००. डावा रेडिओ अल्टिमीटर हवेत असतानाच उणे ८ फूट दाखवायला लागला. ऑटोथ्रॉटलला वाटलं आपण टेकलो, त्यानं पॉवर कमी केली. ऑटोपायलट दुसऱ्या बाजूचा होता, त्याला बरोबर उंची दिसत होती, तो ग्लाइडस्लोप सुटू नये म्हणून नाक वर वर घेत राहिला. एकजण पॉवर काढतोय, दुसरा नाक उचलतोय, स्पीड गळत चाललाय, आणि क्रूच्या लक्षात यायला उशीर झाला. नऊ जण गेले. म्हणून अप्रोचला डोळे कुठं, तर स्पीडवर, लिव्हरवर आणि एफएमएवर, सारखे फिरते. ढगात असाल तर १००० फुटांना, बाहेर दिसत असेल तर ५०० ला, सगळं जागेवर पाहिजे, स्पीड, उतार, फ्लॅप, चाकं. नसेल तर वर.

सोडायचं कसं. स्टिकवरचं लाल बटण अंगठ्यानं, एकदा दाबलं की ऑटोपायलट सुटतो आणि गजर वाजतो, दुसऱ्यांदा दाबलं की गजर बंद. १६० च्या काठावर सोडू नका, ती शेवटची हद्द आहे. ८००-१००० फुटांवर सोडा, म्हणजे वारा कसा आहे ते हाताला कळतं. ७३७ ला ऑटोपायलटबरोबर ऑटोथ्रॉटल पण सोडायची पद्धत आहे. एअरबसला ऑटोथ्रस्ट (त्यांचा ऑटोथ्रॉटल) ठेवला तरी चालतो, पण तिथं लिव्हर हलत नाहीत, क्लाइंबच्या खाचेतच असतात, त्यामुळे पॉवर काय चाललीय ते स्क्रीनवर बघावं लागतं.

वर जायचं ठरलं तर टोगा. एअरबसला लिव्हर पुढं टोकाला ढकला, ऑटोपायलट चालू असेल तर तो लागलेलाच राहतो आणि वर नेतो. ७३७ ला एकच ऑटोपायलट लावलेला असेल तर टोगा दाबल्यावर तो सहसा सुटतो, म्हणजे हातानं वर न्यायचं. हा फरक माहीत नसेल तर तारांबळ उडते. सुटला असेल तर ए३२० ला परत १०० फुटांच्या वर लावता येतो.

आणि एक, मशीनशी कधी कुस्ती खेळायची नाही. २६ एप्रिल १९९४, जपानचं नागोया, चायना एअरलाइन्सचं ए३००. अप्रोचला को-पायलटकडून चुकून गो-अराऊंडचा (न उतरता परत वर जायचा) लिव्हर दाबला गेला, मग ऑटोपायलट पण लागला. तो विमान वर न्यायला बघतोय, पायलट स्टिक पुढं रेटतायत, आणि तो त्यांच्याविरुद्ध मागचा स्टॅबिलायझर (शेपटीचा आडवा पंख) नाक वर राहील असा फिरवत बसला. शेवटी विमानाचं नाक एवढं उचललं की ते स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल संपली, आणि मागं शेपटीवर आपटलं, २६४ माणसं गेली. विमान तुम्हाला नको ते करत असेल तर आधी लाल बटण, भांडण नंतर.

सरावासाठी जळगाव घ्या, ते मला आवडतं कारण इथं मोठी धावपट्टी नाही, सुमारे १७०० मीटर, आणि तापमान मेचं लावलं ४४ तर टेकऑफचं अंतर कसं वाढतं ते दिसतं. एटीआर ७२-६०० घ्या. त्याला ऑटोथ्रॉटल नाहीच, ऑटोपायलट लागला तरी पॉवरचे लिव्हर तुमच्याच हातात, स्पीड पडला तर दोष दुसऱ्या कुणाचा नाही. तापीच्या बाजूनं या, हवा साफ लावा, ८०० फुटांवर ऑटोपायलट सोडा आणि शेवटपर्यंत हातानं. मग मुद्दाम ३०० फुटांवर वर जायचं ठरवा, टोगा, नाक वर, फ्लॅप एक टप्पा, चाकं वर, याच क्रमानं. पहिल्या वेळेला बोट ऑटोपायलटच्या बटणाकडं जातं, माझं चारदा गेलं. अजून लावायचा नाही, आधी विमान वर चढतंय ते बघा.